बोदातलं अस्वल

मित्रांनो, मला पाहून हसू आलं तर मनमोकळं हसा, मी रागावणार नाही. मी एक जुनं चिंध्यांचं अस्वल आहे. माझं अंग काळ्या घोंगडीचं, डोळे रिठ्याच्या बियांचे आणि छातीवरचा पांढरा चांद एका फाटक्या लुगड्याचा. पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक शिवण आहे आणि ती चांगलीच वाकडी आहे. मला ओळखणारे म्हणतात, हे अस्वल भलतंच मानी आहे. असेन बुवा. भर बाजारात शंभर माणसांसमोर ज्याचं पोट फाडलं, त्याने थोडं मानी राहिलेलंच बरं.

माझा जन्म अकोटचा. वऱ्हाडाला तेव्हा कापसाने वेड लावलं होतं. सात समुद्रांपलीकडे कुठेतरी मोठी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि म्हणून आमच्या काळ्या रानातल्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले होते. लोकांनी ज्वारी सोडून कापूस पेरला. गाद्या आणि उशा उसवून आतली रुई विकली. बाहुल्यासुद्धा सुटल्या नाहीत. एक दिवस जमुनेला उकिरड्यावर तिनेच केलेली एक बाहुली दिसली. पोट फाडून आतली रुई काढून घेतली होती आणि कातडं तेवढं फेकून दिलं होतं. जमुनेने ते उचललं, झटकलं आणि कमरेला खोचून घरी आणलं.

ही जमुना म्हणजे मला घडवणारी माझी आई. तिच्या घरात नवरा नत्थुजी, सासू पार्बताबाई, सात वर्षांची कौशल्या आणि आठ महिन्यांचं तान्हं बाळ. थोडं रान होतं, पण उन्हाळ्यात रानात काम नसे. मग नवराबायको दोघंही कापसाचा धंदा करणाऱ्या खुशालरावांच्या आवारात जात. तिथे लाकडी रेचे चालत. रेच्यातून कापूस काढला की सरकी एकीकडे पडते आणि रुई दुसरीकडे. ते काम बायकांचं. नत्थुजीचं काम बोद भरायचं. बोद म्हणजे पुरुषभर उंचीचं मोठं पोतं. ते लाकडी चौकटीला टांगायचं, माणसाने आत उतरायचं, बायकांनी वरून टोपल्यातली रुई ओतायची आणि आतल्या माणसाने ती पायांनी तुडवत तुडवत वर यायचं. तोंड शिवून झालं की भरणाऱ्याने गेरूत पाय बुडवून बोदावर उमटवायचा. त्या बोदात काही खोट निघाली तर त्या पायाच्या धन्याने जाब द्यायचा, अशी तिथली रीत होती.

आणि रुईवर नजर किती कडक! संध्याकाळी फाटकाशी बायकांची रांग लागे. प्रत्येकीचा पदर, प्रत्येकीची ओटी झटकून पाहत. मागल्याच महिन्यात एकीच्या ओटीत मूठभर रुई निघाली, तर तिला फाटकापासून ठाण्यापर्यंत भर रस्त्याने चालवत नेलं होतं. तिच्यामागे तिचं लेकरू रडत चाललं होतं. जमुनेने ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्या रात्री तिला भाकरी गोड लागली नव्हती.

घरी आल्यावर मात्र एक घटका मायलेकींची असे. दिवसभर रेच्यापाशी बसून जमुनेचं डोकं पांढरं होई. कौशल्या फणी घेऊन आईच्या पाठीशी बसायची आणि केसांत अडकलेले रुईचे पुंजके एकेक करून वेचायची. वेचलेलं एका लहानशा गाडग्यात टाकायची. तेवढ्या वेळात ती दिवसभराचं सगळं बोलून घ्यायची. पुढे चूल, मग बाळ, मग सासूच्या गुडघ्याला शेक, आणि त्यातून वेळ उरलाच तर बाहुल्या. कारण जमुनेच्या हातची बाहुली म्हणजे अकोटात नाव होतं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावत आणि नवरी बहुधा जमुनेकडचीच असे. पार्बताबाईला हा नाद आवडत नसे. "चिंध्यायनं पोट भरते का व?" असं ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची.

त्या वर्षी होळीला एक दरवेशी खरं अस्वल घेऊन गावात नाचवून गेला. झालं. पाटलीण गंगूबाईंच्या नातीने हट्ट धरला, माझ्या बाहुलीच्या वरातीत अस्वल नाचलं पाहिजे. पाटलीणबाईंनी जमुनेला बोलावून सांगितलं, "अखजीच्या आदल्या दिवशी पायजे. दोन पायल्या ज्वारी देईन." जमुनेच्या घरातली कणगी तळाला लागली होती. सगळं वऱ्हाड कापूस पेरत होतं, ज्वारी मिळणं कठीण झालं होतं. जमुना हो म्हणून आली. घरी आल्यावर तिला आठवलं की हातात दिवस आहेत फक्त पाच.

असा मी जन्माला आलो. सासऱ्याची जुनी घोंगडी कापून माझं अंग झालं. पोटात भरायला रुई कुठली? ती तर आता माणसांच्या उशीतही राहिली नव्हती. पण चैत्र सरत आला होता, नाल्याकाठच्या सावरीची बोंडं फुटली होती. कौशल्येने पदरभर सावरीचा कापूस गोळा करून आणला. दिसायला रुईसारखाच पांढरा, पण नुसता हवेचा. त्याचा ना दोरा होतो ना वात. माझं पोट त्याने मस्त फुगलं. नाक मात्र काही केल्या उभं राहीना. सावर मऊ, ती दबून जाई आणि माझं तोंड बसकं दिसे.

"डुकरावानी दिसून राह्यलं," कौशल्या म्हणाली आणि ते गाडगं घेऊन आली.

जमुनेने गाडग्यात बोटं घातली आणि तशीच थांबली. "हे कोनाचं व?"

"तुह्या केसातलं हाय. तं तुहंच."

जमुनेने एकदा दाराकडे पाहिलं. मग तिने ते पुंजके मळून माझ्या नाकात ठासले आणि वरून टाका घातला. माझं तोंड एकदम रुबाबदार झालं. मला फार आनंद झाला होता, मित्रांनो. त्या चिमूटभर रुईपायी पुढे काय होणार आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?

अखजी दोन दिवसांवर आली आणि माझे कान अजून लागायचे होते. घरी वेळ मिळेना. तेव्हा जमुनेने ती चूक केली. तिने मला टोपल्याच्या तळाशी लपवून आवारात नेलं. दुपारच्या सुट्टीत पिंपळाखाली बसून एक कान तिने लावला. दुसरा अर्धा लागला असताना काम पुन्हा सुरू झालं. तिने मला टोपल्यात ठेवलं आणि रेच्यातून निघणारी रुई माझ्यावर पडत गेली. निघताना काढून घेईन आणि फाटकावर सरळ दाखवीन, असा तिचा हिशेब होता.

तेवढ्यात फाटकाशी कौशल्येचा आवाज आला. ती धापा टाकत होती. "माय, बाळाचं आंग तापलं. डोये फिरवून राह्यला. आजीनं बलावलं."

जमुना उठली ती तशीच पळत सुटली. टोपलं, रेचा, अस्वल, काही काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. अशा वेळी कोणत्या आईच्या राहील?

शेजारच्या रेच्यावर माणिकबाई बसायची. मनाची चांगली बाई. जमुनेचा दिवस वाया जाऊ नये म्हणून तिने तिचं भरलेलं टोपलं उचललं, चौकटीवर चढली आणि बोदात रिकामं केलं.

आत नत्थुजी होता. मी त्याच्या पायांशी पडलो आणि पुढच्याच क्षणी त्याची टाच माझ्या पाठीवर आली. ज्या पायांजवळ मी चार संध्याकाळी चुलीच्या उजेडात पडून होतो, तेच पाय मला तुडवत होते. तो खाली बघतच नव्हता. वरून टोपल्यांमागून टोपली येत होती, त्याच्या डोळ्यांत घाम उतरत होता. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. पण आम्हा खेळण्यांचं एकच दुःख असतं, आम्हाला सगळं कळतं आणि काहीच सांगता येत नाही. हळूहळू त्याचे पाय वर वर गेले आणि माझ्याभोवती अंधार झाला. मग दाभणाचा आवाज आला. बोद शिवला गेला आणि नत्थुजीने त्यावर आपला गेरूचा पाय उमटवला.

पुढचं बरंचसं मला कौशल्येकडून नंतर कळलं. बाळाच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, तळपायांना कांदा चोळला, तेव्हा तिसऱ्या प्रहरी ताप उतरला आणि बाळ दूध प्यायलं. त्याला पाजता पाजता जमुनेला टोपलं आठवलं. ती आवारात धावली. तिथे चाळीस बोद ओळीने उभे होते. सगळे सारखे, सगळे शिवलेले, त्यातले निम्मे नत्थुजीच्या पायाचे.

"तुहं टोपलं म्या रिकामं करून देल्लं," माणिकबाई हसत म्हणाली. "तू घोर नोको करू."

जमुनेने रिकामं टोपलं उचलून काखेत घेतलं. मी कोणत्या बोदात आहे हे आता देवालाच माहीत होतं.

घरी तिने नत्थुजीला सगळं सांगितलं. नत्थुजी हा कमी बोलणारा माणूस. तो ऐकत राहिला. भल्या पहाटे गाड्या अकोल्याला निघणार होत्या आणि बोद भरणारा म्हणून त्याला सोबत जायचंच होतं. अकोल्याच्या बाजारात व्यापाऱ्याचा पारखी बोद तपासे. त्या दिवसांत लबाड लोक वजन वाढवायला बोदात दगड, माती, ओली सरकी काय वाटेल ते भरत, म्हणून सगळ्यांवरच संशय होता. खोट निघाली की भरणाऱ्याला तिथूनच शिपाई नेत.

"खुशालरावाले सांगू का जी?" जमुनेने विचारलं.

"काय सांगशीन? आवारात चिंध्या शिवत होती म्हून? थे चाळीस बोद उसवन का? आन् नाकात काय भरलं हाय थे इचारलं तं?" नत्थुजीने आवाज खाली आणला. "चाळीसातले तीन-चार पाहातेत. आपलंच निंगन कशावरून? आन् निंगलं तं मी पाहून घेईन. तू तोंड उघडू नोको. मले भेसळ केली म्हनतीन. तुले चोर म्हनतीन."

पहाटे गाड्या निघाल्या. मी आत होतो. चाकांचा कुरकुर आवाज, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि मधूनच बोदाशेजारी चालणाऱ्या नत्थुजीचा खोकला, एवढंच मला ऐकू येत होतं. तो मला शोधत होता, हे मला कळत होतं. चालता चालता तो एकेका बोदावर हात दाबून पाहायचा. दोनदा त्याचा हात माझ्या बोदावर फिरला. पण त्याने स्वतःच मला इतकं घट्ट तुडवलं होतं की त्याच्या हाताला मी लागलोच नाही.

इकडे जमुना जात्याशी बसली. दोन मुठी ज्वारी दळायची होती, तीही तिला दळवेना. खुंट्यावरचा हात मधेच थांबे. पार्बताबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्या घराच्या भिंती कुडाच्या, म्हातारीला रात्रीचं सगळं ऐकू गेलेलं होतं.

"जाय," ती म्हणाली.

जमुनेने वर पाहिलं.

"काहून बसली? माह्या पोराच्या आंगावर तुही चूक घेऊन जाऊन राह्यला थो. जाय म्हनतो ना. लेकराले बकरीचं दूध पाजतो मी. ताप नाई आता त्याले."

बाळाला सोडून जाणं जमुनेला किती जड गेलं असेल, ते मी काय सांगू? ती उंबऱ्यापर्यंत जाऊन दोनदा परत आली. तिसऱ्यांदा पार्बताबाईने तोंड फिरवून घेतलं, तेव्हा ती निघाली. वेशीबाहेर बरंच पुढे गेल्यावर तिला मागे चाहूल लागली. कौशल्या पळत येत होती. तिला परत धाडायला वेळ नव्हता आणि एकटी धाडवतही नव्हती. मायलेकी तशाच पुढे निघाल्या.

अकोट ते अकोला चौदा-पंधरा कोस. वैशाखाच्या तोंडचं ऊन. बाळाची दूध प्यायची वेळ झाली की जमुनेची पावलं अडखळत, ती पदराने छाती दाबून धरी आणि पुन्हा चालू लागे. पूर्णेच्या पात्रात पाणी घोट्याएवढंच होतं. तिथे वांग्यांची गाडी हाकणाऱ्या शेषराव माळ्याने त्यांना बसवून घेतलं. वाळूत चाकांच्या ताज्या चाकोऱ्या दिसत होत्या. "कापसाच्या गाड्या व्हय? सकाळीच जातीन बाजारात," तो म्हणाला. त्याचे बैल म्हातारे होते. जमुनेला वाटत होतं खाली उतरून आपणच गाडी ओढावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात बोद उतरवले. पारखी होता सूर्यभानजी. त्याच्या हातात एक लांब लोखंडी सळई असे आणि तिच्या टोकाला आकडी. ती बोदात खुपसायची, फिरवायची आणि बाहेर ओढायची, म्हणजे आतल्या रुईचा पुंजका हातात येतो. पहिला बोद ठीक निघाला. दुसराही ठीक. मी ऐकत होतो, मित्रांनो. सळई आत शिरताना करकर असा आवाज येतो आणि दर खेपेला तो जवळ येत होता. तिसरा बोद माझ्या शेजारचा होता. मग क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि थंडगार लोखंड माझ्या खांद्याजवळून आत आलं. आकडी घोंगडीत अडकली. सूर्यभानजीने ओढलं. अर्धवट लागलेला माझा कान तुटून आकडीबरोबर बाहेर गेला.

बाहेर लोक वाकून पाहू लागले. पांढऱ्या रुईऐवजी सळईला काळं काहीतरी लोंबत होतं.

"उसवा," सूर्यभानजी म्हणाला.

बोद फाडला आणि मला बाहेर काढलं. आधी लोक हसले. मग व्यापाऱ्याचा मुनीम पुढे आला, गेरूच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "कोनाचा पाय हा?"

"माहा," नत्थुजी म्हणाला.

"हे काय हाय?"

"माहंच हाय. म्याच टाकलं."

त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. मान खाली घालून तो ते एकच वाक्य पुन्हा म्हणाला. मुनिमाने शिपायाला खूण केली. शिपायाने नत्थुजीच्या दंडाला धरलं, आणि त्याच वेळी गर्दीतून जमुना आत घुसली. पाय धुळीने माखलेले, पदर डोक्यावरून घसरलेला. चारचौघांत मान वर करून कधी न बोललेली बाई ती.

"त्यायले सोडा जी," ती म्हणाली. "थे म्या बनवलं. टोपल्यात इसरून गेली. त्यायले काई मालूम नाई."

"बनवलं कशाचं?" मुनिमाने विचारलं. "पोटात आवारातलीच रुई असन."

सूर्यभानजीने कमरेचा चाकू काढला. मला मांडीवर घेतलं आणि पोट उभं फाडलं. पांढराशुभ्र कापूस फुगून बाहेर आला. "रुई!" म्हणून मागे कोणीतरी ओरडलं. नत्थुजीने डोळे मिटून घेतले.

"सावर हाय," जमुना म्हणाली. "पीळ देऊन पाहा."

सूर्यभानजीने चिमूट घेतली आणि बोटांत पीळ दिला. ती सुटली. पुन्हा मांडीवर घासून पीळ दिला, पुन्हा सुटली. त्याने तळहातावर फुंकर मारली तसे ते तंतू उडून मुनिमाच्या पागोट्यावर जाऊन बसले. "सावरच हाय," तो म्हणाला. जमुनेने श्वास सोडला.

पण पारख्याची बोटं ती. माझं पोट चाचपताना ती माझ्या नाकावर आली आणि थांबली. त्यांनी नाक एकदा दाबलं, दोनदा दाबलं. आता मला खरी भीती वाटली. त्याने टाका उसवून चिमूटभर बाहेर काढलं आणि पीळ दिला. दोरा झाला. बारीक, सरळ, चांगला वीतभर दोरा.

"अन् हे?" तो जमुनेला म्हणाला.

जमुनेला खोटं बोलता आलं असतं. घरची जुनी आहे म्हणाली असती तर कोणी काय पडताळणार होतं? ती त्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"थे रुई हाय," ती म्हणाली. "आवारातली. माह्या केसातून निंगलेली."

"म्या येचली," कौशल्या म्हणाली. ती आईला चिकटून उभी होती. "रोज येचतो मी. माय घरी आली का डोकं पांढरं असते. मंग फणीनं काढतो. तवाच माय जवळ बसते."

मुनीम म्हणाला, केसातली असो की ओटीतली, धन्याची रुई ती धन्याचीच. शिपाई नत्थुजीचा दंड सोडून जमुनेकडे वळला. सूर्यभानजी मात्र कौशल्येकडेच बघत होता. मग त्याने नजर उचलून मुनिमाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मुनीमजी, तुमच्या मिशीत छटाकभर हाय," तो म्हणाला. "थे कोनाची?"

मुनिमाचा हात मिशीवर गेला. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या भुवया, दाढ्या, पागोटी, सगळं पांढरं होतं. सूर्यभानजीच्या स्वतःच्या कानातल्या केसांनाही रुई होती. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसू लागले. मुनीम आधी रागावला, मग मिशी पुसत बाजूला झाला. शिपाई उगाच उभा राहिला आणि निघून गेला.

असा तो दिवस टळला. पण फुकट टळला नाही. सूर्यभानजी चांगला माणूस असला तरी नियम नियमच होता. नत्थुजीचा गेरूचा पाय त्या बोदावरून खरवडून काढला आणि त्या हंगामात त्याला पुन्हा बोद भरू दिला नाही. खुशालरावांनी जमुनेलाही उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. अखजी उलटून गेली होती. पोट फाटलेलं, एका कानाचं अस्वल पाटलीणबाईंनी घेतलं नाही, त्यामुळे ज्वारीही आली नाही. त्या घराने दोन महिने अंबाडीची भाजी आणि पातळ कण्या यांवर काढले. पार्बताबाई कुरकुरली नाही, हे मला आजही नवल वाटतं. तिने बाळाला जमुनेच्या मांडीवर दिलं आणि चूल स्वतः पेटवली.

माझं पोट जमुनेने परतीच्या वाटेवर, शेषरावाच्या गाडीतच शिवलं. गाडी हलत होती म्हणून शिवण वाकडी आली. घरी गेल्यावर सरळ घालते म्हणाली होती, पण कौशल्येने घालू दिली नाही. मी तिचा झालो होतो ना.

गाडीवाल्यांनी ही गोष्ट गावोगाव नेली. बाळापुरापासून लोक बोदातलं अस्वल बघायला येत आणि जाताना एखादी बाहुली सांगून जात. जमुना आता दिवसा, दारातल्या उजेडात बसून शिवायची. बाळ तिच्या पायाशी रांगायचं, कौशल्या सुईत दोरा ओवून द्यायची. पुढे लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, आवारातले निम्मे रेचे बंद पडले. जमुनेच्या घरात सुई चालूच राहिली. ते माझे सुखाचे दिवस होते. रोज रात्री मी कौशल्येच्या कुशीत आणि बाळाच्या दातांत असायचो.

मग कौशल्या सासरी गेली. ती मला सोबत घेऊन गेली आणि मी एका फळीवर बसलो. तिला मुली झाल्या. माझ्यावर धूळ बसली, उंदरांनी पाय कुरतडला, त्या मुली मला ओढून नेत आणि पावसात विसरत. मी तक्रार करत नाही, खेळण्याचं आयुष्य असंच असतं. पण एक गोष्ट सांगायचीच आहे, तिच्यासाठीच तर मी एवढं बोललो.

जमुना म्हातारपणी लेकीकडे राहायला आली होती. एका दुपारी तिच्या एका नातीने ओढाताणीत माझा उरलेला कान उपटला. तिने मला आणि कानाला आजीच्या मांडीवर टाकलं, "आजी, शिवून दे," म्हणाली आणि अंगणात खेळायला पळाली. जमुनेने सुई काढली, दोरा काढला. दोऱ्याचं टोक जिभेने ओलं केलं आणि ओवायला लागली. दोरा जाईना. तिची नजर गेली होती, हात थरथरत होता. तिने पुन्हा टोक ओलं केलं. तिने कोणाला हाक मारली नाही. कौशल्या स्वयंपाकघरात होती, तिच्यामागे तिचा संसार होता. पोरी अंगणात होत्या. नवऱ्याला सोडवायला तान्हं बाळ मागे ठेवून पंधरा कोस आलेली ती बाई, एक दोरा ओवता येत नाही म्हणून ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिली. मग तिने मला आणि कानाला फडक्यात गुंडाळून ठेवलं.

तो कान अजून लागलेला नाही. मित्रांनो, मला त्याचं फारसं काही वाटत नाही, कानाशिवायही अस्वल अस्वलच असतं. पण तुमचं एखादं खेळणं फाटलं, उसवलं, तर ते घरातल्या माणसाच्या मांडीवर टाकून पळू नका. शिवणाऱ्या माणसाजवळ थोडं बसा. निदान सुईत दोरा ओवून होईपर्यंत तरी थांबा.